कोल्हापूरची चौतीस कार्डं आणि माझा एक गैरसमज

कोल्हापूरला जायचं ठरलं ते भांडणातून. आमच्या कंपनीत सॉफ्टवेअर डेव्हलपर आणि आर्किटेक्ट लोकांसाठी गावोगावी प्रशिक्षणं घ्यायचं घाटत होतं: आधी कोल्हापूर, मग लातूर, सोलापूर, अमरावती. मी म्हटलं, मराठीतून घेऊ. प्रशिक्षणाचं काम बघणाऱ्या मेधा मॅडम म्हणाल्या, "सॉफ्टवेअर आर्किटेक्चर मराठीत? लोक हसतील." मी नागपूरची, हट्टाला कमी नाही. शेवटी तह झाला. कोल्हापूरचे दोन दिवस मी मराठीत घ्यायचे आणि पहिल्या संध्याकाळी लोकांकडून अभिप्रायाची कार्डं भरून घ्यायची. कार्डं चांगली आली तर पुढची तिन्ही गावं मराठीत, आणि माझी. नाहीतर इंग्रजीत, दुसऱ्या कोणाकडे.

नागपूरहून कोल्हापूरला थेट रेल्वे आहे, पण ती अख्खा दिवस खाते आणि वर रात्रही. मी पुण्यापर्यंत विमान आणि पुढे बस केली. रस्त्याची कामं चालू असल्यामुळे पाच तासांचे साडेसहा झाले, तेव्हा तुम्ही जाणार असाल तर वेळ हाताशी ठेवून निघा. स्टँडवर रिक्षावाल्याने पहिला प्रश्न टाकला, "पावणं, कुठनं आलासा?" नागपूर म्हटल्यावर त्याने मान डोलावली. "लई लांबनं आलासा की. मग आधी खावा, हॉटेलचं मागनं बघू." आणि मला न विचारता मंगळवार पेठेत एका मिसळवाल्यापुढे रिक्षा उभी केली. इथे मिसळीबरोबर पाव नाही, स्लाइस ब्रेड येतो. वरचा तिखट रस्सा, म्हणजे कट, संपला की न मागता परत येतो. सावजी रश्श्यावर वाढलेली मी, त्यामुळे तिखटाचं कौतुक नव्हतं, पण चव मात्र अशी की मी दुसरी प्लेट मागवली आणि रिक्षावाला बाहेर थांबलाय हे विसरून गेले.

प्रशिक्षण शहरातल्याच एका छोट्या सभागृहात होतं. चौतीस जण आले होते. दूध संघांची, साखर कारखान्यांची, फाउंड्रीची सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं. पुढच्या रांगेत जवळच्याच कबनूर गावचे सुकुमार मगदूम बसले होते. पंचेचाळिशीचे, यंत्रमागवाल्यांसाठी एकट्याने सॉफ्टवेअर बनवणारे. सगळे त्यांना अण्णा म्हणत होते. तासाभरातच मीही म्हणायला लागले.

पहिल्या दिवशी मी काहीही सोपं केलं नाही. मोठी प्रणाली कुठे तोडायची, एका भागाने मान टाकली तर बाकीच्यांनी काय करायचं, सगळं फळ्यावर खडूने. चूक झाली की प्रणालीने रेटत न राहता ताबडतोब थांबावं, हे मी सांगत होते आणि मला बरं उदाहरण सुचत नव्हतं. अण्णा बसल्या जागेवरून म्हणाले, "म्याडम, नव्या मागावर एक सूत तुटलं की माग आपला आपण थांबतोय. न्हाय थांबला तर फुडलं सगळं कापड वाया." सभागृहात एकदम कुजबुज झाली. मला वाटलं, जमलं.

संध्याकाळी हॉटेलवर चहा मागवून कार्डं उघडली. वर छापील प्रश्न होता: विषय कसा वाटला? पहिल्या कार्डावर उत्तर: "विषय हार्ड." दुसऱ्यावर: "हार्ड." तिसऱ्यावर: "लई हार्ड." मी मोजत गेले. चौतीसपैकी सव्वीस. अण्णांच्या कार्डावर तर फक्त "विषयच हार्ड", खाली दोन रेघा मारलेल्या. माझ्या तोंडचं पाणी पळालं. ठरल्याप्रमाणे कार्डांचे फोटो आणि दिवसभरात काय शिकवलं त्याचं टिपण मॅडमना पाठवलं. दहा मिनिटांत फोन आला. "वाईट वाटून घेऊ नकोस," त्या म्हणाल्या, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. "उद्या सोपं करून वेळ मारून ने. पुढच्या गावांसाठी मी दुसरं कोणीतरी बघते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळं बाळबोध करून टाकलं. सर्व्हर म्हणजे काय. डेटा कुठे राहतो. कोणी वहीत काही लिहीत नव्हतं. चहाच्या सुट्टीत अण्णा कप घेऊन जवळ आले.

"म्याडम, आमचं काय चुकलं का?"

"नाही, का?"

"काल विषय हार्ड केलासा. आज बालवाडी लावलीसा."

"तुम्हीच सगळ्यांनी हार्ड लिहिलं ना? म्हणून सोपं केलं."

अण्णांनी कप खाली ठेवला. मागे वळून मोठ्याने सांगितलं, "अरे, म्याडमना वाटलं आपल्याला झेपंना झालंय." आणि सगळं सभागृह हसायला लागलं. मग मला समजावलं गेलं, तेही चौघांनी एकदम. कोल्हापुरात विषय हार्ड म्हणजे अवघड नव्हे. विषय हार्ड म्हणजे एक नंबर, तोड नाही. "याच्या वर आमच्याकडं शब्दच न्हाय की," अण्णा म्हणाले. नागपूरच्या बाईला हे कोणी सांगायचं? मलाही हसू आवरेना.

मी तिथूनच मॅडमना फोन लावला. त्यांचा विश्वास बसेना. "शब्दाचे अर्थ राहू देत," त्या म्हणाल्या. "दुपारी मला व्हिडिओवर घे. मीच विचारते."

जेवणानंतर प्रत्येक गटाने आपल्या कामातल्या प्रणालीचा आराखडा मांडायचा होता. अण्णांनी सूत व्यापाऱ्याकडे ऑर्डर पाठवणारी प्रणाली कागदावर काढली होती. पडद्यावरून मॅडमनी इंग्रजीत विचारलं की समोरच्याचं उत्तरच आलं नाही तर तुमची प्रणाली काय करणार. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मराठीत सांगा.

"तीनदा विचारणार," अण्णा म्हणाले. "दर टायमाला जरा जास्त थांबून. तरी न्हाय बोललं तर ती एक ऑर्डर बाजूला काढून ठेवणार आन् माणसाला कळवणार. बाकीच्यांचं काम चालू ऱ्हाणार."

"पण काल तर चूक झाली की थांबा असं शिकवलं ना?" मॅडम नकळत मराठीवर आल्या होत्या.

"ते मागाचं झालं, म्याडम. तिथं एक सूत तुटलं की सगळं कापड बिघडतंय. हितं एका ऑर्डरीनं दुसरीचं काय बिघडत न्हाय. मग सगळ्यांना कशाला थांबवायचं?"

यालाच तर आर्किटेक्ट म्हणतात. कुठे थांबायचं आणि कुठे नाही, हे ज्याला कळतं तो. पुढच्या तिन्ही गटांना मॅडमनी प्रश्न विचारले ते सगळे मराठीतून. मी फळ्याशी उभी होते आणि इतकी खूश होते की हातातला खडू कधी मोडला ते कळलं नाही.

संध्याकाळी मंडळींनी मला गंगावेशीत नेलं. तिथे म्हशी उभ्या असतात आणि समोर धार काढून फेसाळलेला पेला हातात देतात. मी दूध पीत नाही असं म्हणायची तिथे सोय नाही. परतीच्या दिवशी सकाळी पन्हाळ्यालाही जाऊन आले. स्टँडवरून एसटी मिळते, तासाभराचा रस्ता आहे, वर वारा भरपूर, टोपी नेऊ नका. तटावर कणीस खात असताना मॅडमचा मेसेज आला: "तिन्ही गावं तुझी. मराठीत." मी कणीसवाल्या मावशींनाच वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "बरं झालं की, आनी एक खावा." खाल्लं.

घरी येऊन आठवडा झाला. पगार वाढला नाही, पद तेच आहे, आणि तरी हा माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा विजय आहे, असं मी इथे लिहून ठेवते. काल मॅडमनी सोलापूरच्या प्रशिक्षणाचा तक्ता पाठवला. तिथेही यंत्रमाग आहेत, म्हणून शिकवणाऱ्यांच्या रकान्यात माझ्या नावाखाली दुसरं नाव त्यांनीच घातलं होतं: सुकुमार मगदूम. मी अण्णांना फोन करून ते वाचून दाखवलं. पलीकडे मागांचा खडखडाट चालू होता.

"म्याडम," ते म्हणाले, "इंग्रजी येत न्हाय म्हणून वीस वर्सं मी कुठल्या ट्रेनिंगात तोंड उघडलं न्हवतं."

आणि लगेच त्यांनीच विचारलं, "किती वाजता हजर व्हायचं?"