गाडीकडे पाठ करून बसलेली बाई

आधीच सांगते, या ग्रुपवरचे अनुभव मी दुपारी जेवण झालं की वाचते आणि पोट धरून हसते. मध्यरात्रीचे पैंजण काय, विहिरीवरची बाई काय, आरशातला हात काय... अरे, भुतांना काही कामधंदे आहेत की नाहीत? माझ्या अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात न दिसणाऱ्यांनी मला कधी त्रास दिला नाही. दिसणाऱ्यांनीच पुरेसा दिला. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण घडलं ते माझ्या गॅरेजमध्ये घडलं, भर सकाळी, चहा-बिस्किटं समोर असताना. आता लपवून काय करू?

गॅरेज म्हणजे ॲरिझोनातलं, चँडलरमधलं. इथे उन्हाळ्यात पायरीवर पापड वाळत घातला तर भाजूनच उचलायचा. जगातली शहाणी माणसं गॅरेजमध्ये गाड्या ठेवतात. आमच्या दोन्ही गाड्या बाहेर उन्हात उकळत असतात आणि आत वेगळा एसी लावून ठेवलीय रेल्वे. खेळण्यातली. तसं म्हटलेलं आमच्या ह्यांना चालत नाही, ‘मॉडेल’ म्हणायचं. रिटायर्ड चिप इंजिनिअर, दोन नातवंडांचे आजोबा, आणि भिंगाचा चष्मा लावून पुठ्ठ्याच्या घराला कागदाची कौलं चिकटवत बसतात. तीही आपल्याकडची रेल्वे असती तर एक वेळ समजून घेतलं असतं. नाही! आयर्लंडची. पन्नासच्या दशकातली. पावसात चिंब भिजलेली. वाळवंटात राहणारा हा माणूस वार्निश ओतून आयरिश चिखल तयार करतो, आणि तो पुरेसा ओला दिसला नाही की त्याला जेवण जात नाही.

हे खूळ आलं नोकरीतून. नव्वदच्या सुरुवातीला कंपनीने ह्यांना इथून दोन वर्षांसाठी आयर्लंडच्या प्लँटवर पाठवलं. मी अर्थात बरोबर. आणि तेव्हाची मी म्हणजे... काय सांगू! पस्तिशीची, आणि स्वतःला महाराणी समजणारी. पुण्याहून अमेरिकेला गेलेली आणि अमेरिकेहून या ‘खेड्यात’ आणून टाकलेली, म्हणून नाक सदा वर. त्या पावसातसुद्धा साडीच नेसायची. का, तर आपण कोण आहोत ते लोकांना कळलं पाहिजे! साडीवर ह्यांचा ढगळ रेनकोट आणि पायात स्पोर्ट शूज. शेतातलं बुजगावणं बरं दिसेल.

सुट्टीच्या दिवशी हे बंद पडलेली स्टेशनं बघत हिंडायचे. एका शेतात रेल्वेचा जुना डबा कोंबड्यांचं खुराडं होऊन पडला होता. जुन्या गाड्या जतन करणारी पाच-सहा मंडळी तो रंगाचे थर खरवडून बघत होती. तळाशी मूळ रंग सापडला की डबा पुन्हा तसाच रंगवायचा म्हणे. हे त्यांच्यात बसून खरवडायचे, आणि मी मोटारीत काचा वर करून बसायचे, साडीला कोंबड्यांचा वास लागू नये म्हणून. एकदा तर जुन्या वाफेच्या इंजिनाची खास गाडी सुटणार होती. अख्खा फलाट फोटो काढायला इंजिनाकडे धावला, आणि ही बाई सूटकेसवर बसून राहिली, गाडीकडे पाठ करून. निषेध म्हणून! इंजिनाला केवढं वाईट वाटलं असेल, विचार करा.

असो. आता टॉम. टॉम हा ह्यांचा मित्र, ऐंशीच्या घरातला. जन्माने आयरिश, तरुणपणी अमेरिकेत आला, इथल्या हायस्कूलात गणित शिकवून रिटायर झाला. मी त्यांना टॉमराव म्हणते, त्यांना वाटतं ही काहीतरी पदवी आहे. टॉमरावांचे वडील पश्चिम आयर्लंडमधल्या एका बारक्या स्टेशनचे स्टेशनमास्तर होते, टॉमराव फलाटावरच वाढले. ती लाइन मी आयर्लंडला जायच्या कितीतरी आधी बंद पडली. रूळ उखडले, स्टेशन पाडलं, तिथे आता गवत आहे.

तर टॉमरावांचे डोळे जायला लागले. बघाल तिथे मधोमध डाग, कडेकडेचं तेवढं दिसतं, आणि तेही कमीच होत जाणार असं डॉक्टर म्हणाले. ह्यांनी ठरवलं, टॉमला दिसतंय तोवर त्याचं स्टेशन बांधायचं. एक जुना फोटो आणि रेल्वेचे नकाशे, एवढ्यावर. पुराव्याशिवाय एक खिळाही ठोकायचा नाही. मी म्हणायचे, “इथे एक जास्वंद लावा हो, बरं दिसेल,” की लगेच, “पुरावा काय?”

झालं तयार. टॉमराव आले, त्यांची मुलगी केट त्यांना घेऊन आली. त्यांनी मोठं भिंग धरलं आणि फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश नेलं. पाद्रीबाबा, टोपलीत कोंबडी घेतलेली बाई, हमाल — एकेकावर भिंग थांबलं आणि पुढे सरकलं. मग त्यांनी ते खाली ठेवलं.

“सुंदर काम केलंयस, मित्रा. पण हे आमचं नाही.”

ह्यांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. “काय चुकलंय?”

“ते सांगता येत नाही.”

केट म्हणाली, “डॅड, फोटोशी अगदी जुळतंय. तुम्हालाच नीट आठवत नसेल. इट्स ओके.”

“इट्स नॉट ओके, केट,” टॉमराव म्हणाले. “डोळे गेल्यावर मला आठवणींतच राहायचंय. तेच घर खोटं निघालं तर मी जाऊ कुठे?”

मी एकही टोमणा न मारता कप उचलून आत गेले, यावरून काय ते समजा.

दुसऱ्या दिवशी हे चहा ढवळता ढवळता ओरडले, “रूळ! अगं, रूळ! आयर्लंडचे रूळ बाकीच्यांपेक्षा रुंद असतात. मी बाजारातले तयार वापरले. त्याला तेच खटकलं!”

“कितीचा फरक आहे हो?”

“मॉडेलमध्ये? साडेचार मिलिमीटर.”

“अहो, त्या माणसाला हातातला चहाचा कप दिसत नाही. त्याला तांदळाच्या दाण्याएवढा फरक दिसला?”

“तुला नाही कळायचं ते.”

आणि ह्या गृहस्थांनी सगळे रूळ उपटले. सगळे! मग एकेक पट्टी हाताने चिकटवून पुन्हा घातले. तेवढ्यात ते खुराडंवाले आठवले, त्यांना ईमेल करून जुन्या रंगाची खपली मागवली आणि डबे पुन्हा रंगवले. ती खपली तर अशी जपली की लोक देवाचा अंगारा काय जपतील. तिकडे टॉमरावांचे डोळे आठवड्यागणिक चाललेत, आणि हे इकडे खपलीशी रंग जुळवतायत!

मला आला राग. आणि मला राग आला की मी भांडत नाही, खोड्या काढते. ह्यांच्या बाहुल्यांच्या डबीतून एक बसलेली बाई उचलली, बोटाच्या पेराएवढी. नेलकटरने तिची हॅट उडवली. नातीचं हिरवं नेलपॉलिश लावून साडी केली, वरून ह्यांच्याच तपकिरी रंगाचा कोट. मोहरीचा एक दाणा चिकटवला, झाला अंबाडा. खोडरबराच्या तुकड्याची सूटकेस केली आणि तिला त्यावर बसवली ह्यांच्या पवित्र फलाटावर, गाडीकडे पाठ करून, नाक वर! तीच ती, पस्तिशीची महाराणी. इतकी हुबेहूब की मी एकटीच खदाखदा हसले. म्हटलं, बघू दे सगळ्यांना ध्यान.

रविवारी सकाळी टॉमराव आणि केट पुन्हा आले. मी चहाचा ट्रे घेऊन उभी. टॉमराव वाकले, आणि नेमकी तेव्हाच ह्यांना ती दिसली.

“हे काय आहे?” मराठीत, दात आवळून.

“मी. तुमच्या फलाटावर.”

“अगं, हा पन्नासच्या दशकातला आयर्लंड आहे!”

“मग? मी नव्हते याचा पुरावा काय?”

ह्यांनी तिला उपटायला चिमटा पुढे केला, तर टॉमरावांनी ह्यांचं मनगट धरलं.

“राहू दे तिला.”

भिंग त्यांनी उचललंच नव्हतं. मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेने बघत होते.

“गाडीकडे पाठ आहे ना तिची?”

“हो,” मी म्हटलं.

“अंगात पुरुषाचा कोट. आत हिरवं, पायापर्यंत.”

“हो.”

टॉमरावांनी खुर्ची ओढली. “मी सहा-सात वर्षांचा असेन. गाडी उभी होती आणि ही अशी बसली होती. मी घरात सांगायला धावलो. वडील बाहेर आले तर कुणी नाही. म्हणाले, इथे असं कुणी उतरलेलं नाही. खोटं बोललो म्हणून पट्ट्याने मार खाल्ला. पुढे मीही मान्य करून टाकलं, की नव्हती.”

“डॅड, हे तुम्ही कधीच सांगितलं नाहीत,” केट म्हणाली.

“मार खाल्लेली गोष्ट कोण पुन्हा सांगतं?” मग माझ्याकडे वळून, “पण तिची पिशवी कुठाय?”

“कसली पिशवी?”

“पिवळी. आरसे शिवलेली, छोटे छोटे. एकात मला माझं तोंड दिसलं होतं.”

ट्रे मी कुठे ठेवला ते मला आठवत नाही. हे माझ्याकडे बघत होते आणि मी ह्यांच्याकडे. पिवळी, आरशांची पिशवी. माझ्या आईने शिवलेली. आयर्लंडमध्ये दोन वर्षं ती माझ्या खांद्यावरून उतरली नाही. पुढे लेकीच्या भातुकलीत गेली आणि फाटून संपली. त्या बाहुलीला मी पिशवी केलेलीच नव्हती. एवढीशी कोण करणार?

“फार चिडलेली होती का हो ती?” मी विचारलं.

“आधी होती. नाक असं! मग मी आरशात बघून वाकुल्या दाखवल्या, आणि ती हसली. पिशवीतून एक पिवळा गोळा काढून दिला मला. गोड, रवाळ... टाळूला चिकटला.”

“बेसनाचा लाडू,” हे हळूच म्हणाले.

टॉमराव फलाटाच्या इतके जवळ झुकले की त्यांचं नाक कौलांना लागलं. मग म्हणाले, “हं. हे आमचं. केट, हे आमचं आहे.”

आता तुम्ही शहाणपणा सुरू करायच्या आत सांगते, सगळं करून झालंय माझं. ह्यांनी टॉमरावांना पिशवीबद्दल सांगितलं असेल? या माणसाला मी आज काय नेसलेय ते सांगता येत नाही. फोटो पाहिला असेल? आयर्लंडमधल्या दोन वर्षांत ह्यांनी शेकडो फोटो काढले, सगळे इंजिनांचे, एकात मी असेन तर शपथ. खरंच कुणी भारतीय डॉक्टरची बायको वगैरे त्या गावातून गेली असेल? ह्यांनी तिकडच्या मंडळींना विचारून पाहिलं, कुणाला काही माहीत नाही. आणि टॉमराव सहा-सात वर्षांचे होते तेव्हा माझ्या आईचंसुद्धा लग्न व्हायचं होतं.

पण मला खरं टोचतं ते हे नाहीच. साडी माझी, कोट ह्यांचा, पिशवी माझी, नाक तर माझंच. लाडू जुळत नाही हो! त्या पस्तिशीच्या बयेला मी चांगली ओळखते. पुण्याहून आलेले लाडू ती कपाटात, मागच्या डब्यात लपवून ठेवायची, नवऱ्यालासुद्धा हात लावू द्यायची नाही. परक्या पोराला, त्याने तोंड वेडावल्यावर, हसून लाडू देईल? ती? शक्यच नाही.

टॉमरावांना आता जवळपास काहीच दिसत नाही, पण रविवार चुकवत नाहीत. एसीत बसतात, हे गाडी चालवतात, ते ऐकतात. परवा मी मुद्दाम बेसनाचे लाडू केले, तूप सढळ हाताने घालून, आणि एक त्यांच्या हातावर ठेवला. सावकाश खाल्ला.

“जवळपास आहे,” म्हणाले. “तिचा जास्त चांगला होता.”

घ्या! कोण होती ही बाई, मला माहीत नाही. माझी साडी नेसून, माझी पिशवी घेऊन, माझ्यापेक्षा बरी वागून गेली, एवढंच मला कळलंय.