घाटात कुणी उतरायचं नाही

सुशीलावहिनींचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "भाऊजी, या," एवढंच म्हणाल्या. काय झालं, कुणाला झालं, काही नाही... नुसतं 'या'. इतक्या वर्षांत त्यांनी मला असं कधी बोलावलं नव्हतं. गालाला फेस तसाच घेऊन मी निघालो. पडेगावात पोचलो तर वहिनींच्या नवऱ्याच्या, माझ्या जिवलग उत्तमच्या गॅरेजचं शटर अर्धं वर होतं. सकाळी त्यानं ते नेहमीसारखं उचललं, अर्ध्यावर आलं आणि तो तिथंच भिंतीला टेकून खाली बसला म्हणे. समोरच्या टपरीवाल्यानं चहा आणून शेजारी ठेवला. त्याला वाटलं, उत्तमभाऊ दम खातायत. चहा गार झाला तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं... माणसं जमल्यावर कुणीतरी ते शटर पूर्ण वर करायला गेलं, तर वहिनी म्हणाल्या, "राहू द्या. त्यांनी ठेवलंय तसं राहू द्या."

पुण्यानुमोदनाच्या दिवशी उत्तमच्या आठवणी सांगायला मला उभं केलं. मी बी.कॉम. झालेला माणूस, आमच्या घराण्यात मेंढरांची काठी सोडून पेन धरणारा पहिला. याचा मला अभिमान आहे आणि तो मी कधी लपवलेला नाही. चार माणसांत बोलताना मी कधी अडलो नाही. त्या दिवशी माइक हातात घेतला, "उत्तम माझा..." म्हणालो आणि पुढं शब्दच आला नाही. तसाच खाली बसलो. जे तिथं बोलायचं राहिलं ते आता इथं लिहितोय.

उत्तमचं घर गावाच्या खालच्या अंगाला, वस्तीत. आमचं वरच्या अंगाला, मेंढरांच्या वाड्याजवळ. शाळेत आम्ही एका बाकावर बसलो ते मास्तरांनी उंचीप्रमाणं बसवलं म्हणून. पुढं उंची बदलली तरी बाक बदलला नाही. दहावीनंतर तो आयटीआयला गेला, मी कॉलेजात. तेव्हा वाळूजच्या माळावर कारखान्यांची छपरं भराभर उभी राहत होती. रोज सकाळी खेड्यापाड्यांतनं पोरं डबे घेऊन तिकडं निघायची. आम्ही दोघंही लागलो, तो मशिनवर आणि मी हिशेबाच्या टेबलावर. मग दोघांत मिळून एक जुनी मोटारसायकल घेतली. एका आठवड्याला त्याच्या दारी, एका आठवड्याला माझ्या दारी. चालवायचा मात्र कायम तोच. माझ्या हातात गाडी दिली की म्हणायचा, "बिऱ्या, तू मेंढरू हाकतोस तसं क्लच सोडतोस."

माझे वडील उन्हाळ्यात मेंढरं घेऊन दौलताबादच्या घाटावर असायचे. सुट्टीच्या दिवशी आम्ही त्यांना पीठ, मिरच्या, कांदे पोचवायला जायचो. पण घाटाच्या पहिल्याच वळणावर गाडी धापा टाकायची. दोन माणसं आणि पिठाची गोणी, एवढं काही ती ओढत नव्हती. मग मागच्यानं उतरायचं, चालत चढायचं आणि वर जाऊन परत बसायचं. मला त्यात काही वाटत नव्हतं, आमचा जन्मच चालण्यात गेलेला. उत्तमला ते लागायचं. एकदा मी उतरायला पाय टाकला तर त्यानं गाडीच बंद केली. म्हणाला, "माझा आज्जा पाटलाच्या दारापुढनं जाताना चपला हातात घ्यायचा. बापानं सायकल घेतली, तर चावडीपुढं उतरून ढकलत न्यायचा. आन् आता मी तुला उतरवू? नाय. ह्या गाडीवरनं कुणी उतरायचं नाय."

त्या दिवसापासून त्याला ध्यासच लागला. गाडीला श्वास पुरत नाही, असं त्याचं निदान होतं. सीटखाली हवेचा एक डबा होता आणि त्याला हवा आत घ्यायला जेमतेम बोटं जातील एवढी फट. "नाकात बोळे कोंबून पळायला लावलंय बिचारीला," म्हणायचा. त्यानं तो डबा कापला, भंगारातल्या जीपचा रुंद रबरी पाइप आणून बसवला आणि त्याचं तोंड टाकीच्या खाली असं वर घेतलं, की चाकाची धूळ तिथं पोचू नये. पहिल्यांदा किक मारली तेव्हा रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी हुंकार द्यावा तसा आवाज आला. गाडी सुसाट सुटली. आम्ही दोघं लहान पोरांसारखे ओरडत शरणापूरच्या चढापर्यंत गेलो, आणि तिथं इंजिन तापून जाम झालं. हवा वाढवली होती, पेट्रोल वाढवायचं राहिलं होतं. भर उन्हात गाडी ढकलत परत येताना उत्तमच हसत सुटला, "जेवायला घातलंच नाय रे, नुसता वारा पाजला तिला!" मग इंजिन उघडणं आलं, कार्बोरेटरात पेट्रोल जास्त सोडणारा मोठा जेट आला, आणि हळूहळू तिचं हवापाणी जुळलं.

आता अडचण राहिली धुळीची. एवढ्या रुंद तोंडाला बसेल असं फिल्टर औरंगपुऱ्यातल्या एकाही दुकानात मिळेना. फडकं बांधलं तर हवा कोंडायची. स्पंज लावला तर पेट्रोलच्या वाफेनं त्याचा भुगा व्हायचा. अशात एका संध्याकाळी माझी माय गावात ठेवलेली मेंढरं घेऊन घरी येत होती. पुढं धुळीचा लोट, मागं ती, तोंडावर घोंगडीचा पदर. उत्तम एकदम उठून उभा राहिला.

"मावशी, असं तोंडावर घेतल्यावर दम कोंडत नाय का?"

"कशानं कोंडंल? लोकर हाये ती. धूळ धरती, वारा सोडती."

"मग माझ्या गाडीला एक करून दे."

माय आधी हसली. मग तिनं खरंच सूत कातलं आणि हातानंच विरळ विणून तान्ह्या लेकराला करतात तशी कुंची केली. उत्तमनं सायकलच्या तारांचा पिंजरा वळून त्यावर ती चढवली, दोन थेंब ऑइल चोळलं आणि पाइपच्या तोंडाला बसवली. पुढच्या रविवारी मी, तो आणि पिठाची गोणी घाट चढून वर गेलो. कुणी उतरलं नाही. वर पोचल्यावर तो नुसता टाकीवर हात फिरवत बसला.

महिन्याभरानं कुंची मळली, तर या पठ्ठ्यानं ती गरम पाण्यात साबण लावून खसाखसा धुतली. लोकर आटून पापडासारखी घट्ट झाली आणि गाडी पुन्हा खोकायला लागली. माय ती हातात धरून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "अरं उत्तमा, कुंचीचा पार बुरणूस केलास की रे! लोकर कधी ऊन पाण्यात घालतेत व्हय?" तेव्हापासून गार पाणी, आणि सावलीत वाळवायची. दर काही महिन्यांनी माय नवी कुंची विणायची. गाडीचं नाव तिनंच 'धाकटी' ठेवलं होतं.

मग नामांतराचे ते दिवस आले. विद्यापीठाला नाव द्यायचा ठराव होऊन कैक वर्षं लोटली होती आणि नाव काही लागत नव्हतं. मोर्चा निघाला, बंद झाला, की गावातल्या माणसांच्या नजरा बदलायच्या. आदल्या दिवसापर्यंत एका टपरीवर चहा पिणारी माणसं एकमेकांना चुकवून जायची. आमच्या बाजूच्या चार जाणत्यांनी वडिलांना चावडीवर बोलावून सांगितलं, "पोराला सांगा, गाडीची वाटणी करून घ्या म्हणावं. त्या वस्तीत ऊठबस बंद." मी घरात स्वच्छ सांगितलं की वाटणी होणार नाही. पण त्याआधीच उत्तम दुपारी दारात आला. इंजिन बंद, गाडी हातानं ढकलत. चावडीपुढनं तसाच आला होता... त्याच्या बापासारखा.

"ठेव तुझ्यापाशी," म्हणाला. "आमच्याकडं राहिली तर कुणी काडी लावंल. आन् मी येत नाय काही दिवस. तुझ्या घरला तरास नको."

मी लई बोललो, त्याला धरून ठेवलं. त्यानं माझा हात हळूच सोडवला आणि चालत गेला. त्यानंतर तो कंपनीच्या बसनं यायचा. बसमध्येही पुढं बसायचा, मागं वळून बघायचा नाही. मला राग येत नव्हता. गाडी आमच्या छपरात उभी राहिली. मायनं तिच्यावर घोंगडी टाकली.

असे कैक महिने गेले. एका सकाळी मायनं नवी कुंची पदरात बांधली आणि मला म्हणाली, "धाकटीला घे. ढकलत चल माझ्यामागं." वडील म्हणाले, "कुठं निघालीस? गाव काय म्हणंल?" ती म्हणाली, "मशिनीची कुंची बदलायची हाये. गावाला बदलता येत आसंल तर गावाला बोलवा." आणि भर दिवसा, सगळ्यांच्या दारापुढनं, ती वस्तीत गेली.

उत्तम अंगणात दात घासत होता. मायला बघून तोंडातली राख तशीच राहिली. तिनं कुंची पुढं केली. त्यानं जुनी काढली, नवी बसवली. किक मारली आणि इतक्या दिवसांनी तो हुंकार गल्लीत घुमला. वस्तीतली माणसं दारात आली. माय म्हणाली, "आता मला घरी सोड."

"मावशी... चावडीपुढनं जावं लागंल."

"दुसरा रस्ता हाये का? नाय ना? मग चल."

ती एका बाजूला पाय सोडून मागं बसली, डोक्यावर घोंगडी, एक हात उत्तमच्या खांद्यावर. मी मागनं चालत. चावडीपाशी दोघं-तिघं आडवे झाले. उत्तमनं वेग कमी केला, पाय खाली टेकला. एक जण म्हणाला, "म्हातारे, उतर खाली. लाज हाये का?"

माय म्हणाली, "माझ्या लोकरीवर चालती ही गाडी. मी कशाला उतरू? तुम्ही सरका." आणि उत्तमच्या खांद्यावर थाप मारली, "हाण रं."

तो हुंकार चावडीच्या भिंतीवर आपटून परत आला. माणसं सरकली. मी धुळीत चालत होतो आणि रडत होतो आणि हसत होतो. त्या हंगामात आमची मेंढरं कुणी वावरात बसवू दिली नाहीत. दरसाल खतासाठी आधी आमच्या दारी येणाऱ्या शेतकऱ्यांनी पाठ फिरवली. वडिलांना कळप घेऊन लांब नदीपलीकडं जावं लागलं. मायनं त्याचा एक शब्द कधी उत्तमच्या कानावर जाऊ दिला नाही. पण त्याला कळलं होतं. पुढं विद्यापीठाला नाव लागलं त्या दिवशी गावभर हलगी वाजत होती, तेव्हा तो आधी आमच्या दारी आला. पेढा मायच्या हातावर ठेवला आणि तिच्या पायाशी कितीतरी वेळ बसून राहिला.

नंतरचं आयुष्य सगळ्यांचं जातं तसं गेलं. कंपनीत कामगार कमी झाले, त्यानं पडेगावात गॅरेज टाकलं आणि त्याच्याच मागं घर केलं. माझी पोरं शेंद्र्याच्या कारखान्यांत लागली. उत्तमच्या हाताखालनं किती गाड्या गेल्या, पण धाकटी त्यानं विकली नाही. माझा हिस्सा मी कधी मागितला नाही, त्यानंही कधी 'घे' म्हटलं नाही. माय गेली तेव्हा खांदा द्यायला माझ्या पुढं तोच होता. तिची शेवटची कुंची गाडीला होती. ती तो बदलेना. फाटली की शिवायचा.

आमची शेवटची भेट झाली तेव्हा तो तेच करत होता. गॅरेजच्या दारात चष्मा नाकावर, मांडीवर ती कुंची, ठिकठिकाणी निळ्या दोऱ्याचे वेडेवाकडे टाके. "बिऱ्या, सुई ओवून दे रे, दिसंना," म्हणाला. मी ओवून दिली. "आता नवं फिल्टर बसव की," मी म्हणालो. तो म्हणाला, "नव्याला हवा कळती, मावशी कळत नाय." मग टाका ओढत, "येत्या रविवारी घाटात जाऊ. बघू, आजूक दोघांना ओढती का." मी हो म्हणालो. रविवार यायच्या आत वहिनींचा फोन आला.

परवा गेलो होतो. शटर अजून अर्धंच आहे. वाकून आत गेलो. बाकावर कुंची होती, अर्ध्या टाक्यात सुई तशीच टोचलेली... मी ओवलेला दोरा तसाच लोंबत होता. मी तो टाका पुरा केला. माझा टाकाही वेडावाकडाच आला. पिंजऱ्यावर कुंची चढवली, दोन थेंब ऑइल लावलं, पाइपच्या तोंडाला बसवली. तिसऱ्या-चौथ्या किकला धाकटी जागी झाली आणि तो हुंकार मागच्या अंगणात गेला.

घरात भांडं वाजलं. मग पावलं. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारात आल्या, इतकी वर्षं तो आवाज ऐकून उत्तमला पाणी द्यायला यायच्या तशाच, लगबगीनं. मला बघितलं आणि उंबऱ्यावरच थांबल्या. तांब्यातलं पाणी हिंदकळून पायावर सांडलं.

गाडी बंद करायची होती... हात धजला नाही.