वांग्यावर डॉक्टर

"नाई म्हनलं त म्हनलं, भाऊ. इतक्या दुरून ऐकू थोडीच येते?" असं म्हणत ती ई-मेल धाडायची, ओढणीनं की-बोर्ड पुसायची आणि नाचणगावची एसटी पकडायला पळायची.

देवळीच्या स्टँडसमोर माझं एसटीडी बूथ होतं. इंटरनेट आलं तसा त्यात मी एक कॉम्प्युटर ठेवला. ती इथल्या कॉलेजात तासिकेवर वनस्पतिशास्त्र शिकवायची. बापाची नाचणगावला वांग्याची वाडी. रोपं उभ्या उभ्या का सुकतात यावर तिला पीएच.डी. करायची होती. इकडे ज्या गाइडकडे जावं तो म्हणे जागा नाही. म्हणून ती युरोपातल्या विद्यापीठांच्या जाहिराती धुंडाळू लागली. बापानं बजावलं होतं, "दिवाळीपर्यंत काय ते पाय. मंग मी पाहुन्याइले हो म्हनतो."

नकार पचवून वर चहा मागणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हिला तर नकारही येत नव्हता. शेवटी मीच चष्मा लावून तिची मेल वाचली आणि कपाळाला हात लावला. बायोडाटा मागितला म्हणून तिनं आधीचा टाइप केलेला होता तोच जोडला होता. उंची, वर्ण गव्हाळ, रास कन्या, मामेकुळ आर्वीचं.

"बाई, हा स्थळासाठीचा आहे!"

"मंग? बायोडाटाच त मांगतला ना त्याइनं."

एवढ्यात जर्मनीतल्या एका प्राध्यापकाचं उत्तर आलंच. तुमची उंची कळली, पण रोपं का मरतात असं तुम्हाला वाटतं ते कळलं नाही. दुसरी कुणी तोंड लपवून बसली असती. ही पोट धरून हसली आणि तिथंच लिहायला बसली: आमच्या वाडीत हा रोग पाण्यामागं चालतो, पाटाजवळची सरी आधी मरते.

मुलाखत फोनवर ठरली, माझ्याच बूथवर. बाप धुतलेली टोपी घालून, वांग्याची टोपली घेऊन आला आणि मुलगी दाखवायला आणल्यासारखा बाकावर ताठ बसला. लाइन इतकी खरखरत होती की तिला ओरडून बोलावं लागलं. पाट, सरी, जिवाणू, सगळं इंग्रजीत. स्टँडवरची माणसं गोळा झाली.

"फी किती लागन, विचार त्याले," बाप मध्येच म्हणाला.

तिनं रिसीव्हरवर हात ठेवला. "फी नाई बाबा. हे नोकरीच आहे. पगार देतेत."

"शिकाले पगार?" बाप उठून उभाच राहिला.

मग तिनं रिसीव्हर पुन्हा कानाला दाबला. डोळे भरले. मला वाटलं, या खेपेला नकार ऐकू आला. पण फोन ठेवला आणि ती जी ओरडली, ते पार रसवंतीपर्यंत ऐकू गेलं.

"बाबा, हो म्हनलं!"

उभ्या एसटीच्या कंडक्टरनं उगाचच घंटी मारली. पेढे कुठून आणणार? बाप टोपलीतली वांगीच वाटत सुटला. "पोरगी वांग्यावर डॉक्टर होऊन राह्यली," ज्याला त्याला सांगे. पाहुण्यांचं नावही त्यानं पुन्हा काढलं नाही. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

ती गेली. दर रविवारी बूथवर तिचा फोन यायचा. बाप बेंबीच्या देठापासून ओरडायचा, "पोरी, यंदा पाटाजवळची सरी जगली वं!"

आणि तिकडून तिचं हसणं थेट माझ्या गल्ल्यापर्यंत यायचं. "बाबा, हळू बोला ना. मले सारं ऐकू येते."