पिकअपमामा आणि लाल मोटार

बोलताना आमच्या मामांची उजवी मूठ कधी गप्प बसायची नाही. बोलणं रंगलं की ती आपोआप पिळली जायची, जणू हातात फटफटीची मूठच आहे. देवळात आरती चालू असतानाही ती पिळताना मी पाहिली आहे. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांची आडत होती. कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंग आणि दुकानाच्या दारात काळी कुळकुळीत साडेतीनशे सीसीची फटफटी! त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीपुरतं होतं. सगळा मोंढा त्यांना पिकअपमामा म्हणायचा. "टॉप स्पीड काय चाटायचाय? गाडीची औकात पिकअपात कळती," हे करडई विकायला आलेल्या शेतकऱ्यालाही ऐकून घ्यावं लागे.

मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला होते. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. पाऊस दडी मारून बसलेला, नळ कोरडे ठणठणीत, पण नव्या कलेक्टर कचेरीकडे जाणारा डांबरी रस्ता मात्र असा झोकात झाला होता की लोक संध्याकाळी तो नुसता बघायला जायचे. गावात बोलायला दोनच विषय, टँकर कधी येणार आणि हा रस्ता.

तिसरा विषय दालमिलवाल्यांच्या राजशेखरने आणला. हैदराबादहून त्याने एक लाल स्पोर्ट्स कार विकत आणली. दोन दारं, दोनच माणसांची जागा आणि इतकी बुटकी की आत बसलेल्याला म्हैस खालून दिसायची. सौदे सोडून सगळा मोंढा तिच्याभोवती गोळा झाला. मामांनी एक चक्कर मारली, टपावर हात फिरवला आणि म्हणाले, "देखणी हाय बाबा. पण पळंल का?"

झालं! तिथेच वादाला तोंड फुटलं.

मामांचा स्वभाव असा की कुठलाही वाद त्यांना काट्यावर घालावासा वाटायचा. जन्म मोंढ्यात गेलेला ना! त्यांनी खरोखरच फटफटी पोत्यांच्या काट्यावर चढवली आणि लाल मोटार ट्रकच्या धर्मकाट्यावर नेऊन उभी केली. हमाल हसून हसून लोळायचे बाकी राहिले. मामा मात्र गंभीर. "तुझ्या मोटारीत घोडे जास्त, कबूल. पन एकेका घोड्याच्या पाठीवर पोती किती हायती, ते बघ की! माझा घोडा रिकाम्या पाठीनं पळतो."

राजशेखरही काही कमी नव्हता. "मामा, वळनाचं काय? चार चाकं जमीन धरून बसतेत. तुमाला वाकावं लागतं."

"वाकतो की! वाकायला लाज कसली?"

"अन् ब्रेक?"

"ब्रेक मागं ऱ्हानाऱ्याला लागतो," मामा म्हणाले आणि मूठ पिळली.

शर्यत ठरली. घरी मामींनी ऐकलं मात्र, हातातलं लाटणं तसंच उगारलेलं राहिलं. आदल्या वर्षी चाकूरच्या रस्त्यावर मामा पडले होते, खांद्याचं हाड मोडलं होतं. महिनाभर त्यांना घास भरवला तो मामींनीच. "लई झालं तुमचं," त्या म्हणाल्या. "हरलाव तर किल्ली माझ्या हातात द्यायची. पुन्ना म्हून त्या फटफटीवर बसायचं न्हाई. लिंगाला हात लावून सांगा." मामांनी माझ्याकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं. मग गळ्यातलं लिंग मुठीत धरून म्हणाले, "हाव. दिली शपथ." फटफटीशिवाय मामा ही कल्पनाच मला करता येईना.

नव्या रस्त्याचा एक सरळ तुकडा नक्की झाला. शेवटी लिंबाच्या झाडाशी रेघ मारलेली आणि पंच म्हणून मी, कारण "पोरगी सायन्सला हाय." एसटीची वेळ विचारून झाली, शेळ्या बांधून झाल्या, कुत्री हाकलून झाली. टँकरचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. इतके दिवस तो फिरकला नव्हता की आमच्या लेखी टँकर मेलाच होता.

लांबून बार उडाल्यासारखा आवाज झाला आणि दोन्ही गाड्या सुटल्या. काय सुटले हो मामा! काळा ठिपका बघता बघता फटफटी झाला, त्यावर वाकलेले मामा दिसले, धोतराचा सोगा फडफडत होता. लाल मोटार मागे! मी बेंबीच्या देठापासून ओरडत होते, कसली पंच आणि कसलं काय! अर्ध्यावर मोटारीला वेग सापडला. ती गुरगुरत जवळ येऊ लागली, हातभर, वीतभर. तरी मामा पुढे होते. आता रेघ आलीच!

तेवढ्यात वस्तीच्या बाजूने टँकरचा हॉर्न वाजला. घराघरांतून बाया घागरी घेऊन सुटल्या त्या थेट रस्त्यावर. टँकर म्हटल्यावर डावं-उजवं कोण बघतंय?

राजशेखरने ब्रेक दाबला. मोटार कर्रकन जागच्या जागी, सरळ उभी राहिली. मामांनीही दाबला, पण फटफटीचं मागचं चाक घसरलं. बायांच्या अंगावर जाण्यापेक्षा मामांनी ती बाजूच्या वाळूच्या ढिगात घातली. वाळू उडाली, फटफटी आडवी, मामा तिच्यापलीकडे. रेघ कुणीच ओलांडली नव्हती.

मामा उठले, धोतर झटकलं. लोक म्हणत होते, पुन्हा घ्या, ही धरायची नाही. मामांनी हात वर केला. "पिकअपात मी. पन थांबन्यात ती जिंकली. आज थांबायचंच काम हुतं." त्यांनी किल्ली काढली आणि वस्तीतल्या बायांबरोबर घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या मामींपुढे धरली. मला रडूच कोसळलं.

मामींनी किल्ली घेतली. मला विचारलं, "पंचीनबाई, म्होरं कोन हुतं?"

"मामा."

"मग हरले कुठं? बाया बघून वाळूत गेले, त्येला हरनं म्हनत्यात व्हय?" असं म्हणून त्यांनी किल्ली परत मामांच्या हातावर ठेवली. "पन ब्रेक नवे बसवा आधी. आनि थांबा जरा, माझा नंबर येऊ द्या."

मामांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांची आठवण काढताना लोक तो सुसाट वेग सांगतात. मला मात्र नंतरचं दिसतं. जन्मात पहिल्यांदा मामी फटफटीवर मागे बसल्या, मांडीवर काठोकाठ भरलेली घागर. आणि मामा निघाले, इतके हळू की मी पायी शेजारून चालत होते. खड्डा आला की थांबायचे, मागे वळून विचारायचे, "सांडलं का गं?" त्या मान हलवायच्या. त्यांच्या मागे राजशेखरची लाल मोटार येत होती. रस्ता रिकामा होता, तरी घर येईपर्यंत त्याने ना हॉर्न वाजवला, ना गाडी पुढे काढली.