हाक न पोचलेला किनारा

शारजाहून निघालेली आमची गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली की ते आधी रेडिओ बंद करायचे. मग म्हणायचे, "तर, ऐका."

तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, ज्याचा विषय सुरू झाला की बाकीचे फोन काढून बसतात. आमचे हे गृहस्थ मुरूडकडचे सिद्दी. त्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून कोकणात आले. नेमके कुठून, ते घरात कुणालाच ठाऊक नाही. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या कंपनीत ते ड्रॉइंग्ज करायचे, बोलायचे चोख रायगडी मराठी. आणि विषय एकच: शंभरेक वर्षांपूर्वी जगभरच्या काळ्या लोकांना एक करू पाहणारी माणसं. त्यांच्या परिषदा, वर्तमानपत्रं, स्वतःच्या मालकीची जहाज कंपनी, आफ्रिकेत परतायचं स्वप्न. ती कंपनी बुडाली हे सांगताना त्यांचा आवाज घरातलं कुणी गेल्यासारखा व्हायचा.

आमच्या मराठी मंडळात त्यांचं भाषण ठेवा, असं मीच सुचवलं. त्यांनी महिनाभर तयारी केली. मग संयोजक बाईंचा फोन आला. भाषण जरा जड होईल, त्यापेक्षा तुमच्या लोकांचा तो नाच करा, मुलांना आवडेल, असं त्यांचं म्हणणं.

"मॅडम, मला नाचता येत नाही. मी डिझाइनमध्ये आहे," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

शेवटी ते भाषण त्यांनी शारजातल्या एका फ्लॅटवर, घाना-केनियाच्या ओळखीच्या लोकांपुढे इंग्रजीत केलं. मीही होतो. सगळ्यांनी मनापासून ऐकलं. मग एकाने अगदी प्रेमाने विचारलं, तुम्ही तर इंडियन, आमच्या इतिहासात तुम्हाला एवढा रस कसा?

भाषणाचे कागद गुंडाळून ते खाली उतरले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "त्या लोकांनी अमेरिकेपासून वेस्ट इंडीजपर्यंत सगळ्यांना हाक मारली. आमच्या किनाऱ्याकडे कुणी वळून पाहिलंच नाही."

त्यांना माहीत नसेल, मी म्हटलं.

"तेच तर."

गेल्या वर्षी कंपनीने केनियातल्या मोम्बासात ऑफिस उघडलं. ह्यांनी मागून बदली घेतली. निरोप घेतानाही त्यांचं लक्ष विमानाकडेच होतं.

परवा त्यांचा फोन आला, बाजारातून. भाजीवाली आता लगेच ओळखते म्हणाले. मला बरं वाटलं.

"तोंड उघडलं की ओळखते," ते म्हणाले. "मुहिंदी म्हणते. म्हणजे इंडियन."

मी काही बोलायच्या आत ते तिच्याकडे वळले असावेत. मोडक्या स्वाहिलीत ते तिला पुन्हा पुन्हा काहीतरी समजावत होते, आणि ती हसत होती.