मुक्ताच्या हातात अत्तरदाणी

यंदाच्या हळदीकुंकवात अत्तर लावायचं काम माझ्या लेकीनं, मुक्तानं मागून घेतलं. मुक्ता एकोणीस वर्षांची आहे, तिला डाउन सिंड्रोम आहे. ती लहान असताना जाऊबाईंनी तिच्या हातातून अत्तरदाणी काढून घेतली होती. "राहू दे गं, सांडेल ती," म्हणाल्या होत्या. तो राग मी अजून सोडलेला नाही.

साड्यांच्या धंद्यात मी कुणाचं ऐकून घेत नाही, पण मुक्ता चारचौघांत उभी राहिली की माझे दात आवळले जातात आणि तिच्याआधी माझाच हात पुढे जातो. जाऊबाईंनी एकदाच काम काढून घेतलं. मी तर रोज घेत आले.

त्या दिवशी मी हात पदराखाली घट्ट धरून ठेवले. जाऊबाई समोर आल्या. मुक्तानं सावकाश अत्तर लावलं आणि त्यांचा हात सोडलाच नाही.

"काकू, आधी वास घे."

जाऊबाईंनी मुकाट्यानं वास घेतला. मग हसून दुसराही हात पुढे केला.

"एकच," मुक्ता म्हणाली. "मागं बायका थांबल्यात."

आणि मी, माझ्याच घरच्या हळदीकुंकवात, पहिल्यांदा निवांत खाली बसले.