गुरुवारी चार्ज झालेले सेल

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच अंगारे-धुपारे, भूतखेत सगळं आमच्या घरातून बाहेर गेलं. त्यात मी खराडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर. जे पुन्हा करून दाखवता येत नाही, ते आमच्या लेखी घडलेलंच नसतं! तरी हे लिहितेय... कारण सहा महिने झाले, डोक्यातून जात नाही.

खडकीत आम्ही दोघीच राहतो, आई आणि मी. पप्पा फॅक्टरीत इलेक्ट्रिशियन होते, मागच्या वर्षी गेले. आईला कमी ऐकू येतं. तिचं कानाचं मशीन जुन्या पद्धतीचं — खिशात ठेवायचं, एका पेन्सिल सेलवर चालणारं. त्यासाठी पप्पांनी दोन रिचार्जेबल सेल आणले होते. एक मशीनमध्ये, एक चार्जरवर. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असली की ते खोडरबर घेऊन बसायचे आणि सेलची टोकं घासायचे. "कॉन्टॅक्ट स्वच्छ, तर संसार स्वस्थ," असं वर आम्हाला ऐकवायचे.

ते गेल्यावर काही महिन्यांनी दोन्ही सेल चार्ज होईनात. लाल दिवा जरा लुकलुकायचा आणि चार्जर हात वर करायचा. मी सेल फडक्याने पुसले, खाचा बदलून पाहिल्या, नवा चार्जर आणला. शेवटी नवे सेल आणले, तर आईने ते काढून माझ्या हातात ठेवले.

"यांचे सेल आहेत ना? ते नीट कर. नाहीतर राहू दे."

"अगं आई, मेलेत ते!"

बोलले आणि जीभ चावली. पण तिला ऐकूच आलं नव्हतं.

तिने विहारात जाणंही सोडलं. "ऐकू येत नाही, तर तिथे खांबासारखी बसू का?" म्हणायची. दिवसभर खिडकीशी बसून असायची, हाक मारली तरी वळायची नाही. मला खरंच भीती वाटायला लागली, की पप्पांपाठोपाठ हीसुद्धा हातची जाते की काय.

त्या गुरुवारी सकाळी दहाला वीज गेली. पप्पांच्या व्होल्टमीटरवर मी सेल तपासले. दोन्ही एक व्होल्टच्याही खाली. तसेच चार्जरमध्ये ठेवले आणि आईला बीपी तपासायला घेऊन गेले. घराला कुलूप, दोन्ही किल्ल्या माझ्या पर्समध्ये.

दीडला परत आलो. वीज नव्हतीच. टीपॉयवर चार्जर होता आणि त्याच्याभोवती... खोडरबराचा चुरा.

मी खोडरबराला हात लावला नव्हता, मला ते सुचलंच नव्हतं! कपाट उघडलं. पप्पांच्या चष्म्याच्या डबीत तो होता, एका बाजूने काळा झालेला. मीटर लावला. एक पॉइंट चार. दुसराही तेवढाच, म्हणजे दोन्ही पूर्ण भरलेले.

खाली धावत जाऊन तळमजल्यावरच्या काकांना विचारलं, "काका, मध्ये वीज आली होती का हो?"

"आली असती तर मी हा पुठ्ठा हौस म्हणून हलवत बसलोय का?"

वर येऊन मशीनमध्ये सेल घातला, त्याच्या वायरचं बटण आईच्या कानात बसवलं. सवयीने मोठ्यांदा विचारलं, "आई, ऐकू येतंय का?"

"ओरडतेस कशाला एवढी?"

मला रडूच फुटलं. आईने टीपॉयकडे पाहिलं. तळहाताने तो चुरा हळूच गोळा केला, पण फेकला नाही. "गुरुवार ना आज," एवढंच म्हणाली. रविवारी ती विहारात गेली, आणि आल्यावर तासभर तिथल्या बायकांची गाऱ्हाणी मला सांगत बसली. एरवी मी कंटाळले असते.

टेस्टर आहे, म्हणून प्रयोगही केला. दुसरे उतरलेले सेल घेतले, टोकं घासली, वीज नसताना चार्जरमध्ये ठेवले. ढिम्म. खोडरबराने सेल स्वच्छ होतो हो, भरत नाही. ते दोन मात्र अजून चालतात, रोज चार्ज होतात. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर सांगा, पण मला फार घाई नाही.

हल्ली गुरुवारी वीज गेली तरी मी चार्जरचं बटण चालूच ठेवते. आणि खोडरबर कपाटात ठेवत नाही. टीपॉयवर, हाताशी ठेवते.